भाव दाखवा, सौदा नको

आपल्या शाळेच्या वार्षिक प्रदर्शनासाठी अकरावीच्या काही विद्यार्थ्यांनी यंदा एक वेगळा विषय सुचवला आहे. बिटकॉइनसारख्या आभासी चलनांचे चालू भाव क्षणोक्षणी आलेखात दाखवणारे संकेतस्थळ त्यांना स्वतः तयार करायचे आहे. विषय निघताच पालकांत दोन तट पडले. "मुलांना सट्टा शिकवायला शाळा काढली आहे का?" असे काहींचे म्हणणे, तर "उद्याचे जग हेच आहे, अडवता कशाला?" असे इतरांचे. दोन्ही बाजूंचा आदर राखून एक पालक म्हणून माझे मत मांडतो.

विरोध करणाऱ्यांची भीती खोटी नाही. २००९ साली सुरू झालेल्या बिटकॉइनचा भाव नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे ६९ हजार डॉलरवर पोहोचला आणि वर्षभरातच, नोव्हेंबर २०२२ मध्ये, १६ हजारांच्याही खाली आला. त्याच महिन्यात एफटीएक्स हा मोठा बाजार दिवाळखोरीत गेला व असंख्य लोकांचे पैसे अडकले. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये बँकांवर घातलेले निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये रद्द केले. पण २०२२ पासून या व्यवहारांतील नफ्यावर ३० टक्के कर लागू झाला आणि एका व्यवहारातला तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा करण्याची सोयही ठेवली गेली नाही. शिवाय अठरा वर्षांखालील मुलाला करार करण्याचा कायदेशीर अधिकारच नाही. तेव्हा शाळेच्या छताखाली खरेदी-विक्रीचा विषय निघूच नये, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही.

परंतु भाव दाखवणारे साधन बनवणे आणि त्या भावावर पैसे लावणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. माझे मत तर असे की, ज्याने असा आलेख स्वतः बनवला, तो आलेखाला सहजासहजी भुलणार नाही.

हे काम करताना मुले काय शिकतील ते पाहा. पहिली गोष्ट, बिटकॉइनचा 'एकच' असा भाव नसतो. प्रत्येक बाजाराचा भाव थोडा निराळा, म्हणून कोणाचा आकडा घेतला हे सांगावेच लागते. दुसरी, तो आकडा आपल्यापर्यंत येतो कसा? दर काही सेकंदांनी विचारत राहणे म्हणजे पुन्हा पुन्हा पत्र टाकण्यासारखे. 'वेबसॉकेट' या पद्धतीत मात्र फोन चालू ठेवल्याप्रमाणे जोडणी उघडी राहते आणि नवा भाव आपणहून येतो. ही जोडणी मध्येच तुटली तर पडद्यावर जुनाच आकडा ताजा म्हणून मिरवत राहतो. म्हणून शेवटचा भाव किती वाजता आला हे लिहिणे हा प्रामाणिकपणाचा भाग ठरतो. तिसरी गोष्ट वेळेची. हा बाजार रात्रंदिवस चालतो, त्याला सुट्टी नाही. त्याचा 'दिवस' बहुधा जागतिक प्रमाण वेळेनुसार मोजतात, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला तो बदलतो. चौथी, संगणकात ०.१ आणि ०.२ यांची साधी बेरीजही तंतोतंत ०.३ येत नाही. पैशाचे आकडे हाताळताना हे ठाऊक नसेल तर हिशेब चुकतो.

आता आलेखाकडे वळू. ज्याला 'कॅंडल' म्हणतात त्या एका उभ्या कांडीत चार आकडे असतात: त्या अवधीतला पहिला, सर्वांत वरचा, सर्वांत खालचा आणि शेवटचा भाव. एक मिनिटाच्या कांड्या लावल्या तर वादळ उठल्यासारखे वाटते, एका दिवसाच्या लावल्या तर तोच बाजार शांत भासतो. भाव ६०,००० वरून ६०,६०० झाला तर वाढ केवळ एक टक्का. पण उभा अक्ष ५९,९०० पासून ६०,७०० पर्यंतच ठेवला की त्याच वाढीचा डोंगर दिसतो. खोटे काही लिहिलेले नसते, तरी पाहणारा फसतो. वरचेच उदाहरण घ्या. ६९ हजारांवरून १६ हजारांवर येणे म्हणजे सुमारे ७७ टक्के घट. पण तेथून पुन्हा ६९ हजार गाठायला सुमारे ३३० टक्के वाढ लागते. टक्केवारीचा हा धडा इतका ठसठशीत क्वचितच मिळेल. लॉगॅरिदम कशासाठी शिकायचे, असे विचारणाऱ्या मुलालाही लॉग प्रमाणावरचा आलेख काढताना उत्तर सापडेल.

म्हणून परवानगी द्यावी, पण काही अटींवर. संकेतस्थळावर खरेदीचे बटण नसावे. कोणत्याही बाजाराची जाहिरात किंवा दुवा नसावा, कारण अशा दुव्यांवर दलाली मिळते व मुलांच्या कष्टाचा नकळत प्रचार होतो. भावाचा स्रोत व वेळ ठळक लिहावी. 'पुढे भाव वाढेल' असे सांगणारा एकही बाण नसावा. आणि २०२१-२२ ची ती घसरण पूर्ण दिसेल एवढा जुना इतिहास आलेखात असावा.

माझी आणखी एक सूचना आहे. त्याच साधनात शेजारी आपल्या माळव्याच्या सोयाबीनचा भावही दाखवावा. देशभरातल्या मंड्यांचे किमान, कमाल व सर्वसाधारण भाव सरकारच्या ॲगमार्कनेटवर मिळतात. तेथे आकडा क्षणाला नव्हे, दिवसाला येतो. त्यामागे पाऊस, पेरणी, तेलाची मागणी अशी कारणे शोधता येतात. मंडीत जाऊन व्यापाऱ्याला व शेतकऱ्याला चार प्रश्न विचारता येतात. बिटकॉइनच्या भावामागे असे कोणते पीक उभे आहे, हा प्रश्न मग मुले स्वतःच विचारतील. प्रदर्शनात ते दोन आलेख शेजारी शेजारी पाहून पालकांनाही विचार करावासा वाटेल.

सोन्याचांदीचा सराफा आणि धान्याची मंडी यांच्या सावलीत वाढलेल्या आपल्या इंदूरच्या मुलांना भाव हा शब्द नवा नाही. मोबाइलच्या पडद्यावर हे आलेख त्यांना आज ना उद्या दिसणारच, आणि ते दाखवणाऱ्याला त्यांच्या हिताशी देणेघेणे असेलच असे नाही. त्याआधी ते आतून कसे बनतात हे शिक्षकांच्या देखरेखीखाली पाहिलेले बरे. विश्वस्त मंडळाने या दृष्टीने विचार करून निर्णय घ्यावा, ही नम्र विनंती.