गंगथडीची वाट

मराठवाड्यात गोदावरीला गंगाच म्हणतात आणि तिच्या काठच्या मुलखाला गंगथडी. इथली काळी माती पिकाला जितकी चांगली, तितकीच वाटेला वाईट. पाणी पिऊन ती फुगते, उन्हात आकसून भेगाळते. पावसाळ्यात ती सायकलच्या टायरला चिकटते आणि मडगार्डात इतकी गच्च बसते की चाक फिरायचंच थांबतं. पाऊस सरला की ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या तशाच वाळून दगडासारख्या होतात. त्यांत शिरलेलं अरुंद चाक वळवायला जावं तर सायकल आडवी होते. अशा रस्त्यावर जीप हळू चालते, सायकल चालतच नाही. म्हणून काठच्या रस्त्याची पारख सायकलवरून व्हावी, असं माझं म्हणणं आहे.

मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. सायकलने काय साधतं ते बिहारमध्ये दिसलं. तिथे २००६ मध्ये नववीतल्या मुलींसाठी अशी योजना आली. तिच्यामुळे योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं, असं कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवलं. मोठा फायदा झाला तो शाळेपासून तीन किलोमीटर किंवा त्याहून लांबच्या गावांना. आता घरोघरी मोटारसायकल आहे, असं कुणी म्हणेल. पण तेरा वर्षांच्या मुलीला ती चालवायचा परवाना मिळत नाही, आणि शाळेच्या वेळेला ती गाडी बहुधा दुसऱ्याच कुणाच्या कामावर गेलेली असते.

मग या सायकलींसाठी रस्ता डांबरी का नको? फुगणाऱ्या मातीवर पाया न घालता टाकलेलं डांबर तडकतं, वाळूच्या टिपरखाली त्याच्या कडा तुटतात, आणि सायकलवाल्याच्या वाट्याला नेमकी कडच येते. त्यापेक्षा वरची काळी माती काढावी, मुरूम दाबून भरावा, मधे उंचवटा ठेवावा, दोन्ही बाजूंना चर खणावेत, ओढ्यावर फरशी बांधावी. पुरात मुरूम वाहून जाईल, हा आक्षेप खरा आहे. मात्र तो पुन्हा भरायला गावातला ट्रॅक्टर आणि गावातली माणसं पुरतात. उखडलेल्या डांबरासाठी पुढच्या निविदेची वाट पाहावी लागते. खर्चात दरवर्षीची डागडुजी पहिल्यापासूनच धरायला हवी, विशेषतः चरांची. मृगाआधी चर मोकळे झाले नाहीत, तर आषाढात सरकारी सायकल ओसरीवर उभी राहते आणि मुलगी चिखल तुडवत शाळेला जाते, नाहीतर घरी राहते.