दोन पानी करार आणि शेतकऱ्याच्या नोंदी

जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाने विकसित केलेला सोयाबीनचा जेएस ३३५ हा वाण विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे पेरला. असा वाण एका प्रक्षेत्रावरील उत्पादनावरून शिफारशीस पात्र ठरत नाही; अनेक ठिकाणच्या, अनेक हंगामांतील नोंदींची सांख्यिकी पडताळणी त्यामागे असते. आज आद्यरेषा प्रात्यक्षिके, माती परीक्षण आणि मोबाइलवरील सर्वेक्षणे यांमुळे नोंदींचा ढीग वाढला आहे. त्यांचे विश्लेषण करण्यासाठी शेतकरी उत्पादक कंपन्या व प्रकल्पसंस्था स्वतंत्रपणे काम करणाऱ्या डेटा विश्लेषकाची मदत घेतात, तेव्हा बहुतेक बोलणे दूरध्वनीवरच आटोपते. ‘एवढ्याशा कामाला करार कशाला?’ हा प्रश्न मला घातक वाटतो.

पहिला मुद्दा मालकीचा. प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार पगारी कर्मचाऱ्याने नोकरीत केलेल्या कामाची मालकी सामान्यतः मालकाकडे जाते. स्वतंत्र व्यावसायिकाने लिहिलेल्या संगणकीय आज्ञावलीची व अहवालाची मात्र सर्वसाधारणपणे त्याच्याकडेच राहते. ती हस्तांतरित करायची तर लेखी करार हवा, आणि त्यात मुदत नसल्यास हस्तांतरण पाच वर्षांपुरतेच मानले जाते. पुढील हंगामात तीच आकडेमोड पुन्हा करायची झाल्यास कंपनीची अडचण होते.

दुसरा मुद्दा मोबदल्याचा. ‘अनुदान आले की देऊ’ ही आपली जुनी सवय आहे. विश्लेषकाने सूक्ष्म उद्योग म्हणून उद्यम नोंदणी केली असेल, तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार लेखी ठरलेली मुदतही ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. मुदत ठरलेलीच नसेल, तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. विलंबावर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते.

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. नाव, मोबाइल क्रमांक, गट क्रमांक, उत्पादन ही माहिती शेतकऱ्याने विश्वासाने दिलेली असते. करारावर मात्र त्याची सही नसते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने, सेवा पुरवण्याच्या कामी बाहेरच्या व्यक्तीकडून अशा माहितीवर प्रक्रिया करून घेताना वैध करार आवश्यक मानला आहे, आणि जबाबदारी मूळ संस्थेवरच ठेवली आहे. म्हणून विश्लेषकाकडे नावांऐवजी सांकेतिक क्रमांक द्यावेत, आणि काम संपल्यावर त्याच्या संगणकावरील प्रत नष्ट करण्याची अट घालावी.

आणखी एक कलम मी आग्रहाने सुचवीन: मोबदला निष्कर्षावर अवलंबून नसावा. प्रात्यक्षिकातील उत्पादन कमी आले म्हणून तो प्लॉट ‘अपवाद’ ठरवून वगळण्याचा मोह होतो. कोणत्या नोंदी वगळल्या आणि का, हे अहवालात लिहिणे करारानेच बंधनकारक करावे. प्रतिकूल निष्कर्ष देणाऱ्याचे पैसे अडले, तर पुढच्या वेळी आपल्याला अनुकूल आकडेच मिळतील, आणि चुकीच्या शिफारशीचा भुर्दंड पेरणी करणाऱ्याला बसेल.

यासाठी जाडजूड दस्तऐवज लागत नाही. कामाची व्याप्ती, मुदत, मोबदला, मालकी, गोपनीयता आणि वगळलेल्या नोंदींचा खुलासा एवढे दोन पानांत मावते. विस्तार कार्यकर्त्यांनी येत्या हंगामाची नोंदवही उघडण्यापूर्वी ही दोन पाने तयार ठेवावीत. प्रगतिशील शेतकऱ्यांनीही आपली माहिती देताना ‘ती कोणाकडे जाणार?’ असे अवश्य विचारावे.