दुधाचा दर आणि मराठवाड्याचा गोठा

महाराष्ट्रात दुधाचा प्रश्न वारंवार रस्त्यावर येतो. जुलै 2018 मध्ये राजू शेट्टी यांच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेने दूधपुरवठा रोखला, तेव्हा शासनाने लिटरमागे 25 रुपये देण्याचे मान्य केले. जुलै 2023 मध्ये गाईच्या दुधासाठी 34 रुपयांचा किमान दर ठरविण्यात आला. तो फार काळ टिकला नाही. दर इतके घसरले की, जानेवारी 2024 पासून शासनाला लिटरमागे 5 रुपयांचे अनुदान द्यावे लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते दोन महिन्यांसाठी 7 रुपये करण्यात आले.

या घोषणांतून नांदेड आणि लातूरच्या शेतकऱ्याच्या पदरात काय पडले, हा आपल्या विचाराचा विषय आहे.

अनुदान केवळ गाईच्या दुधाला होते. ते दूध संघाला किंवा डेअरीला घातलेले असावे, जनावराच्या कानात बिल्ला असावा आणि बँकेचे खाते आधारशी जोडलेले असावे, अशा अटी होत्या. पुणे, अहिल्यानगर, कोल्हापूर या भागांत गावोगावी संकलन केंद्रे असल्याने तेथे या अटी पाळणे तुलनेने सोपे होते. मराठवाड्यात मात्र पुष्कळ दूध म्हशीचे असते. ते घरोघरी रतिबाने जाते किंवा हॉटेलवाल्याला विकले जाते. असे दूध शासनाच्या हिशेबात येतच नाही.

दुसरी गोष्ट जनावरांची. लातूरची देवणी आणि कंधार परिसरातील लाल कंधारी हे या मातीतील गोवंश आहेत. ऊन आणि दुष्काळ सोसण्याची ताकद त्यांच्यात आहे. शेतीकामाला त्यांचे बैल उत्तम. त्यांचे दूध चांगल्या फॅटचे असते, पण थोडे. दिवसाला दोन लिटर दूध डेअरीला घालणाऱ्याला 5 रुपयांचे अनुदान म्हणजे 10 रुपये! संकरित गाय अधिक दूध देते. परंतु तिला हिरवा चारा, पेंड आणि भरपूर पाणी लागते. शिवाय 3.5 फॅट व 8.5 एसएनएफ या प्रमाणाच्या खाली दूध गेले की दरात कपात होते. एप्रिल 2016 मध्ये ज्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या जिल्ह्यात संकरित गाय सांभाळणे किती जिकिरीचे आहे, हे वेगळे सांगावयास नको.

तिसरी गोष्ट वैरणीची. पूर्वी ज्वारी धान्यही देई आणि कडबाही. सोयाबीनने खरिपातील ज्वारीची जागा घेतली. हाती रोख पैसा आला, पण गोठ्यातील कडबा कमी झाला. सोयाबीनचे भुसकट कडब्याची उणीव भरून काढू शकत नाही. विकतची वैरण व पेंड यांचा खर्च दुधाच्या दराकडे पाहून वाढत नसतो.

उपाय अगदीच झाले नाहीत असे नाही. उदगीरच्या शासकीय दूध भुकटी प्रकल्पाने एके काळी मोठी आशा निर्माण केली होती. पुढे तो बंद पडला. 2016 पासून राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या साहाय्याने विदर्भ-मराठवाडा प्रकल्प सुरू झाला आणि काही गावांत दुधाचे पैसे थेट उत्पादकाच्या खात्यात जमा होऊ लागले. ही वाट योग्य आहे.

सोयाबीनचा पैसा वर्षातून एकदा येतो. दुधाचे बिल मात्र दर आठ-दहा दिवसांनी हाती पडते. त्यावर किराणा, औषधपाणी आणि मुलांची फी भागते. कर्जाने पिचलेल्या घरात हा नियमित पैसा फार मोठा आधार असतो. म्हणून केवळ लिटरमागचा दर जाहीर करून थांबता येणार नाही. गावात संकलन केंद्र, उत्पादकासमोर होणारी प्रामाणिक तपासणी, म्हशीच्या दुधालाही संरक्षण आणि उन्हाळ्यापूर्वी चाऱ्याची तरतूद या चार गोष्टी झाल्या, तरच मुंबईत ठरलेला दर कंधार-उदगीरच्या गोठ्यापर्यंत पोहोचेल.