पंधरा वर्षांची म्हणजे भारी?

परवा शनिवारी एका मित्राकडे बसलो होतो. त्याने बोनसच्या पैशांतून आणलेली बर्बन काढली, लेबलवरच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "पंधरा वर्षं! बघ नुसतं!" चव कशी आहे हे कोणी विचारलंच नाही. मला तर सुताराच्या दुकानात जीभ बाहेर काढून बसल्यासारखं वाटत होतं. पण किंमत ऐकून सगळे 'वा वा' करत होते, मग मीही केलं. त्या 'वा वा'ची लाज वाटते, म्हणून हा खटाटोप.

मंडळी, आपण स्कॉचचा हिशेब बर्बनला लावतो, तिथेच गाडं अडतं. स्कॉच बहुतेक वेळा वापरलेल्या पिंपात मुरते, आणि ती पिंपं बऱ्याचदा बर्बनवाल्यांनीच विकलेली असतात. बर्बनला मात्र कायद्याने दर वेळी आतून जाळलेलं कोरं ओकचं पिंप लागतं. दुसऱ्यांदा उकळलेली चहापत्ती आणि पहिल्या उकळीची चहापत्ती यांत जो फरक, तोच हा. कोऱ्या लाकडातून व्हॅनिला, कॅरॅमल, खोबऱ्यासारखा वास हे सगळं भराभर उतरतं, रंगही (वरून रंग घालायला बंदी आहे). पण पत्ती ठेवलीच गॅसवर, तर पुढे काय उतरतं हे कोणत्याही मराठी घरात सांगायला नको. कडू, तुरट!

त्यातून केंटकीचा उन्हाळा. उकाड्यात दारू लाकडात शिरते, थंडीत बाहेर येते. बहुमजली गोदामात वरचा मजला तापतो, तिथे पाणी जास्त उडतं आणि दारू कडक होते. तळमजल्यावर सगळं संथ. म्हणजे एकाच दिवशी भरलेली दोन पिंपं आठ वर्षांनी सख्खी भावंडं वाटत नाहीत. मग नुसता आकडा काय सांगणार, कपाळ?

आणि धान्याचं काय? त्याबद्दल तर कोणी ब्र काढत नाही. निदान ५१ टक्के मका हवा, हा नियम. थोडं मोड आणलेलं सातू असतं, स्टार्चची साखर करायला. उरलेल्या जागेत खरी गंमत आहे. तिथे राय घातली तर मिरपूड, लवंगेकडे झुकणारा झणका येतो. गहू घातला तर सगळं मऊ, गोडसर. मेकर्स मार्कमध्ये ७० टक्के मका, १६ टक्के गहू, १४ टक्के सातू. फोर रोझेसकडे रायच्या दोन रेसिपी, एक २० टक्क्यांची, एक ३५ची, आणि यीस्टचे पाच प्रकार. म्हणजे दहा वेगवेगळ्या बर्बन एकाच कारखान्यात. एवढं डोकं लावलेलं असतं, आणि आपण वाचतो काय, तर वय! इंटरव्ह्यू घेताना मी कोणाची अनुभवाची वर्षं मोजून थांबत नाही बुवा, काय काम केलंस ते विचारतो.

वय निरुपयोगी आहे असं नाही हं. दोन वर्षांच्या दारूत कच्च्या मक्याचा वास मलाही सोसत नाही. पण 'स्ट्रेट' बर्बन चार वर्षांहून लहान असेल तर वय छापावंच लागतं. म्हणजे आकडा नसलेली स्ट्रेट बाटली चारची तरी असतेच. तिला गरीब समजू नका. माझी जीभ सहा ते दहाच्या आसपास खूश असते. तेवीस वर्षांच्या पॅपी व्हॅन विंकलसाठी लोक वेडे होतात, होवोत बापडे. त्याच गव्हाच्या रेसिपीची वेलरही बफेलो ट्रेसमध्येच बनते, हे त्यांना कोणीतरी सांगा.

असो. येत्या शनिवारी बैठक माझ्याकडे. मेकर्स मार्क, फोर रोझेस आणि मित्राची ती पंधरा वर्षांची (अर्धी उरलीय, आणायला सांगितलंय) अशा तिन्ही बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवणार आहे. ओतणार बायको, कारण ती पीत नाही आणि फितूरही होत नाही.