नळीतला पीळ

दिवाळीच्या आठ दिवस आधीची गोष्ट. न्हाणीघरातली दुरुस्ती करून प्लंबर गेला आणि त्याने मागे टाकलेला हातभर पाइप घरातून नाहीसा झाला. ज्या घरात बारा वर्षांचा नातू आहे, तिथे हरवलेल्या वस्तूंचा तपास फार लांबवर करावा लागत नाही. पाइप त्याच्या अभ्यासाच्या टेबलाखाली सापडला. शेजारी त्याची स्पंजचे बाण सोडणारी बंदूक पोट उघडून पडली होती.

"आजोबा, विकतच्या नळीतून बाण सरळ जातच नाही," त्याने खुलासा केला. "या पाइपात आतून पिळाच्या खाचा पाडल्या की बाण गरगरत सुटेल. रायफलसारखा!"

आम्ही पवईकर. 1958 साली स्थापन झालेली आय. आय. टी. आमच्या शेजारी. तिचे वारे लागल्यामुळे की काय, इथली पोरे खेळणे हाती पडले की आधी स्क्रू-ड्रायव्हर शोधतात. मी म्हणालो, "दिवाळी झाल्यावर पाहू." वडीलधाऱ्यांच्या भाषेत याचा अर्थ 'नाही' असा होतो, हे त्याला पुरते ठाऊक आहे.

संध्याकाळी त्याचा मित्र आला आणि दोघांची कुजबुज माझ्या कानांवर पडली. "तुझे आजोबा नाही म्हणतात ना? मग सोड ते. आपण कार्बाइडची बंदूक करू. मोबाइलवर सगळं दाखवलंय."

माझ्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. वाचकहो, आमच्या लहानपणी फेरीवाल्यांच्या गाड्यांवर कार्बाइडचे दिवे जळत. कार्बाइडला पाणी लागले की ॲसिटिलीन वायू निघतो, त्याचीच ती ज्योत. तोच वायू प्लॅस्टिकच्या पाइपात कोंडून पेटवला की बार होतो. शेतावरची माकडे हाकलायला ही युक्ती वापरीत. 2025 च्या दिवाळीत ती मुलांच्या हाती गेली आणि भोपाळ व मध्य प्रदेशातील इतर गावांत शंभराहून अधिक माणसे डोळ्यांच्या इजा घेऊन इस्पितळांत पोचली. त्यांत मुलेच पुष्कळ. काहींची दृष्टी गेली. बार का होत नाही, म्हणून कित्येकांनी नळीत डोकावून पाहिले होते आणि नेमका तेव्हाच तो झाला.

मी दोघांना हाक मारली आणि तह केला. कार्बाइडचे नाव काढायचे नाही. त्या बदल्यात खाचा पाडायला मी स्वतः मदत करीन. आमच्या सौ. स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, त्याला आवरायचं की त्याच्यात सामील व्हायचं?" पण नुसत्या 'नाही'ने मूल कुठल्या दारी जाते, ते मी आताच ऐकले होते.

दुसऱ्या दिवशी आमचा कारखाना सुरू झाला. स्पंजचा बाण 12.7 मिलिमीटर जाडीचा, वजनाला जेमतेम एक ग्रॅम, डोक्याला रबराची टोपी. गरम पाण्याचा अर्ध्या इंची पाइपही आतून जवळजवळ तेवढाच असतो. काम करता करता मी इतिहास सांगू लागलो. 1549 साली अहमदनगरात ओतलेली आणि पुढे विजापूरच्या तटावर चढलेली मलिक-ए-मैदान तोफ आतून गुळगुळीत. तिचा गोळा जाईल तिकडे जाई. नळीतल्या पिळाचे शास्त्र 1747 साली बेंजामिन रॉबिन्स या इंग्रजाने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. हाच गृहस्थ पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत आला आणि 1751 साली कडलूरजवळच्या किल्ल्यात वारला. भोवरा फिरतो तोवर उभा राहतो, तशी फिरणारी गोळी तोंड सरळ ठेवते, एवढेच त्यातले मर्म. 1853 च्या नमुन्याची एन्फिल्ड रायफल आली तिच्या नळीत तीन खाचा होत्या. 78 इंचांत एक पूर्ण वळसा आणि नळी 39 इंचांची, म्हणजे गोळी आत अर्धाच वळसा घेई. खाचांच्या नळीत गोळी सहज उतरावी म्हणून काडतुसाच्या कागदाला चरबी लावीत, आणि त्या चरबीने 1857 साली काय पेटवले ते आपण जाणतोच.

"म्हणजे तीन खाचांनी एवढं सगळं झालं?" नातू म्हणाला.

लाकडी दांड्याला पात्याचा बारीक तुकडा बसवला, तिरक्या खुणा केल्या आणि खुणांप्रमाणे दांडा फिरवीत ओढत आम्हीही तीन खाचा पाडल्या. बाण भरला, चाप ओढला. फुस्स! गुळगुळीत पाइपातून वीस पावले जाणारा बाण बारा पावलांवर पडला. दुसरा तर नळीतच अडकला.

आणि आता कबुलीजबाब. बाण कुठे अडकला ते पाहावे म्हणून मी नळी उचलली आणि तिच्या तोंडाशी डोळा नेला.

"आजोबा, डोळा!" नातवाने नळी हिसकावून घेतली. चापाचा खटका मागेच ओढलेला होता.

मी मटकन खाली बसलो. आदल्या दिवशी ज्या मुलांच्या अविचाराबद्दल मी व्याख्यान दिले, तेच मी सत्तरी गाठून केले होते. ती पोरे मूर्ख नव्हती. नळी गप्प राहिली की डोळा आपण होऊन तिच्याकडे जातो, हा माणसाचा स्वभाव आहे. म्हणून त्याला आधीच कुंपण हवे. इथे फार तर स्पंज होता. त्यांच्या नळीत आग होती.

असो. खाचा का फसल्या, याचा उलगडा माळ्यावरच्या बॅडमिंटनच्या फुलाने केला. हा खेळ आपल्या पुण्याच्या छावणीत वाढला, इंग्रज त्याला 'पूना'च म्हणत. फुलाचे बूच जड, मागची 16 पिसे हलकी. कसेही मारा, बूच पुढे येतेच. आमचा बाणही तसाच, डोके जड आणि शेपूट हलके. त्याला सरळ राहायला रायफलच्या पिळाची गरजच नाही. शिशाची गोळी फुगून खाचांत घट्ट बसते. स्पंजला ते जमत नाही. खाचांतून हवा पळते, घासून वेग जातो. पण टोपी थोडी वाकडी चिकटली असेल तर बाण एकाच बाजूला ओढला जातो, आणि तेवढ्यापुरती हलकी गिरकी उपयोगी पडते. वाकडेपणा चहूकडे सारखा वाटला जातो.

मग पवई तलावावर गळ टाकून बसणाऱ्या एका गृहस्थांकडून तंगूस आणली. गुळगुळीत पाइपाच्या तोंडाशी चार धागे तिरके ताणून बसवले. जाता जाता बाणाला ते नुसते चाटून जावेत, इतकेच. चिवड्याच्या रिकाम्या डब्यावर पंधरा फुटांवरून दहा बाण सोडले. पूर्वी चार लागत, आता सात लागले.

मुलांचेही असेच असावे. फार आवळले तर वेग जातो, अगदी मोकळे सोडले तर भरकटतात. वाटेवर हलका धागा लागला की पुरते.

आता खेळताना सर्वांच्या डोळ्यांवर चष्मे असतात आणि तोंडावर नेम धरायला बंदी आहे. पाइपावर नातवाने कागदाची चिठ्ठी चिकटवली आहे. अक्षर त्याचे, भाषाही त्याचीच: 'नळीला डोळा लावू नये. आजोबांनीसुद्धा.'