शेतकऱ्यांचा 'ऱ्या' आणि लिनक्सचा डेस्कटॉप

मंडळी, २००६-०७ साली ज्यांनी लिनक्स वापरायला घेतलं, त्यांना 'कॉम्पिझ'चा क्यूब नक्की आठवत असेल. कंट्रोल आणि आल्ट दाबून माउस ओढला की अख्खा डेस्कटॉप ठोकळ्यासारखा गरगर फिरायचा. खिडक्या जेलीसारख्या थरथरायच्या. ऑफिसातल्या विंडोजवाल्या मित्राला हे दाखवून भाव खाणं, हा तेव्हा विकांताचा मोठाच उद्योग होता. उबुंटूच्या सीडी टपालानं फुकट घरी यायच्या (ही सोय २०११ साली बंद झाली), 'लिनक्स फॉर यू' मासिकाबरोबर चकती मिळायची... असो. नमनालाच घडाभर तेल नको.

सांगायचा मुद्दा असा, की 'डेस्कटॉप कस्टमाइझ केला' म्हटलं की अजूनही आपल्या डोळ्यांसमोर तेच येतं. थीम, आयकॉन, खाली मॅकसारखी पट्टी, टर्मिनलला पारदर्शक पार्श्वभूमी. हौस म्हणून ठीक आहे, मीही करतो. पण माझं मत विचाराल तर ही सगळी रंगरंगोटी झाली. यंत्र ज्याचं आहे त्याची भाषा आणि त्याचं रोजचं काम त्यावर बिनचूक चालणं, हे पहिलं कस्टमायझेशन. मराठी माणसाच्या यंत्राची ही परीक्षा घ्यायला मी एक ओळ वापरतो:

"निफाड-लासलगावच्या शेतकऱ्यांचा कांदा."

सुभाषित वगैरे काही नाही. निफाड तालुक्यात पावतीवर, अर्जावर, हिशेबाच्या वहीत हे शब्द रोज लिहिले जातात. पण मराठी टायपिंगमधले बहुतेक खड्डे या चार शब्दांत सापडतात. ते कसे ते सांगतो. त्याआधी हा विषय आत्ताच का, ते.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० लागतं आणि प्रोसेसरही साधारण २०१७-१८ नंतरचा लागतो. तालुक्याच्या गावी दुकानात, शाळेत, बागेवरच्या ऑफिसात जी मशिनं आहेत, त्यातली बरीचशी या चाळणीतून खाली पडतात. त्यांना काही झालेलं नसतं. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती २ जीबी मेमरीवर चालते, ४ जीबी असेल तर आरामात. मग पुण्या-मुंबईचा एखादा भाऊ किंवा भाचा सुट्टीत पेनड्राइव्ह घेऊन येतो, दोन तासांत मिंट टाकतो, द्राक्षांच्या घडाचा झकास वॉलपेपर लावतो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जातो. सोमवारी फोन येतो, "दादा, वॉलपेपर भारीये, पण शेतकऱ्यांचा ऱ्या कुठंय?"

तर आता ती ओळ एकेका शब्दानं बघू.

आधी लासलगाव. युनिकोडमध्ये हिंदीचा ल आणि मराठीचा ल यांना क्रमांक एकच. तो दंड असलेला, हिंदी वळणाचा दिसणार, की आपला दोन पाकळ्यांचा, हे दोन गोष्टींवर ठरतं: फॉन्टमध्ये मराठी आकार आहे का, आणि या मजकुराची भाषा मराठी आहे हे प्रोग्रॅमला कुणी सांगितलंय का. लिब्रेऑफिसमध्ये देवनागरीचा फॉन्ट आणि भाषा 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' या वेगळ्या कप्प्यात असतात. तिथे भाषा 'हिंदी' असेल तर उत्तम फॉन्ट असूनही लासलगावचे दोन्ही ल हिंदी वळणाचे येणार. शेतकऱ्यांच्या श चंही तेच. एक पर्याय बदलायचा, एवढंच काम. बाकीच्या डेस्कटॉपसाठी लोकेल मराठी ठेवा. मालकाला मेनू इंग्रजीच हवे असतील तर ज्याचे मूळचेच ल आणि श मराठी वळणाचे आहेत असा फॉन्ट 'फॉन्टकॉन्फिग'च्या फाइलीत पहिल्या पसंतीला लावा. 'काय फरक पडतो, वाचता तर येतं!' असं म्हणणारे भेटतात. राज्य शासनानं २००९ आणि २०२२ साली मराठी वर्णमालेबद्दल जे निर्णय काढले, त्यांत या दोन अक्षरांच्या वळणाचाही विचार केलेला आहे. पहिलीतलं पोर पाटीवर एक ल गिरवतं आणि पडद्यावर त्याला दुसराच दिसतो. मला तरी हा फरक पडण्यासारखाच वाटतो.

आता तो ऱ्या. र, हलन्त आणि य असं ओळीनं टाइप केलं की रेफ होतो आणि 'शेतकर्यांचा' असं काहीतरी भलतंच उमटतं. मराठीत दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. हिंदीत ही भानगड नाही, त्यामुळे हिंदीपुरता विचार करून बनवलेल्या मांडणीत ही सोय हाताशी असेलच असं नाही. इनस्क्रिप्टमध्ये आहे: 'जे'च्या बटणावर र, शिफ्ट धरलं की ऱ, मग 'डी'वरचा हलन्त आणि मग य. खरी गंमत पुढे आहे. जुन्या मजकुरात हाच ऱ्या दुसऱ्या रीतीनंही लिहिलेला सापडतो: र, हलन्त, मग 'झिरो विड्थ जॉइनर' नावाचं न दिसणारं अक्षर, मग य. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. पण शोधायला गेलात की एक सापडतो आणि दुसरा सापडत नाही. यादीत नाव आहे, समोर दिसतंय आणि कॉम्प्युटर म्हणतो 'नाही'! अशा वेळी मशीन बिघडलं म्हणून फॉरमॅट मारणारे महाभाग आहेत. खरं तर एकदा 'शोधा आणि बदला' करून सगळीकडे एकच रीत आणली की काम होतं.

निफाड हे नावही दिसतं तितकं साधं नाही. रोमन अक्षरांतून टाइप करायची सवय असेल आणि ते साधन हिंदीसाठी लावलेलं असेल, तर शेवटी ड च्या जागी नुक्तेवाला ड़ येऊ शकतो. मराठीला त्याची गरज नाही, आणि शोधताना ड आणि ड़ वेगळे धरले जातात. मग अर्धी गिऱ्हाइकं 'निफाड'ची आणि अर्धी 'निफाड़'ची. यावर इलाज म्हणजे मराठीची मांडणी निवडणं. आयबस आणि एम१७एन या जोडगोळीत मराठीसाठी इनस्क्रिप्ट आहे, फोनेटिक आहे, आणि जुन्या मंडळींना आवडणारं 'गमभन'सुद्धा आहे.

त्याच नावातला 'नि' घ्या. टाइपरायटरवर शिकलेली बोटं वेलांटी आधी मारतात, न नंतर. युनिकोडमध्ये साठवताना न आधी आणि वेलांटी नंतर. श्री-लिपी, शिवाजी, कृतीदेव अशा जुन्या फॉन्टमधल्या फाइलींमध्ये तर मुळात देवनागरी साठवलेलीच नसते. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी चित्रं बसवलेली असतात, आणि तिथेही वेलांटी आधी. म्हणून तो फॉन्ट नसलेल्या नव्या लिनक्सवर दहा वर्षांचे अर्ज उघडले की सगळा 'हगीकसं' छाप मजकूर दिसतो. फाइल खराब झालेली नसते. ती युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागते, आणि बदलणाऱ्या साधनाला प्रत्येक वेलांटी उचलून अक्षराच्या मागे ठेवावी लागते. बदलल्यावर दोन-चार पानं डोळ्यांनी वाचून बघा, जोडाक्षराआधीची वेलांटी हमखास फसते.

हे सगळं लांबण लावून सांगायचं कारण म्हणजे 'मराठी नीट येत नाही' असा एकच एक बिघाड नसतो. बटण दाबल्यापासून कागदावर अक्षर उमटेपर्यंत साखळी आहे: कीबोर्डची मांडणी, इनपुट मेथड, युनिकोडचे क्रमांक, ते जुळवून आकार ठरवणारं हार्फबझ, मग फॉन्ट आणि शेवटी प्रिंटर. साखळी मधोमध कापून बघायची. तोच मजकूर दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये चिकटवा. तिथे नीट दिसला तर अक्षरं बरोबर आहेत, दोष पहिल्या प्रोग्रॅमच्या फॉन्ट-भाषेच्या पर्यायांत. तिथेही चुकला तर मांडणी तपासा. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि ही परीक्षा टर्मिनलमध्ये घेऊ नका, तिथे अक्षरं ठरावीक रुंदीच्या चौकटीत बसवतात आणि देवनागरीची बऱ्याचदा मोडतोड होते :)

लिनक्स मला आवडतं ते इथे. ते बिघडत नाही असं मुळीच नाही. चांगलं बिघडतं! पण बिघडलं की का, ते लिहून ठेवतं. वाय-फाय दिसत नसेल तर 'डीमेसेज' किंवा 'जर्नलसीटीएल'ला विचारा, अमुक फर्मवेअरची फाइल सापडली नाही असं ते बहुतेक वेळा नावासकट सांगतं. मग मोबाइल यूएसबीनं जोडून त्याचं नेट घ्यायचं आणि ती फाइल आणायची. निफाडच्या लोकांना हे पटवून द्यावं लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा किती उतरला, याची बातमी राज्यभर छापून येते. 'लई गारठा आहे' एवढ्यावर बागायतदार थांबत नाही. आकडा बघून पहाटे ठिबक चालवायचं की बागेत शेकोट्या पेटवायच्या, ते ठरवतो. फवारणीच्या नोंदी ठेवायची सवयही आहे, निर्यातीच्या द्राक्षाला त्याशिवाय चालत नाही. लॉग वाचणं म्हणजे हेच. 'बंद करून परत चालू करा' हा सल्ला देतो तो शहरातला इंजिनिअर!

आता दुसरी बाजू. प्रत्येक मशिनवर लिनक्स टाकत सुटणं हा शहाणपणा नव्हे. टॅलीवर धंदा चालत असेल तर टॅली विंडोजसाठी बनते. सेवा केंद्रातलं बोटाचा ठसा घेणारं यंत्र, डिजिटल सहीचं टोकन, जुना लेबल प्रिंटर यांचे ड्रायव्हर लिनक्ससाठी मिळतीलच याची हमी नाही. ही यादी आधी करायची, लाइव्ह पेनड्राइव्हवरून एकेक वस्तू जोडून बघायची, आणि जमत नसेल तर मुकाट्यानं तसंच ठेवायचं. आपल्या तत्त्वासाठी दुसऱ्याचं दुकान दोन दिवस बंद ठेवण्याचा हक्क आपल्याला नाही. मेनू मराठीत करायचेच, हा हट्टही नको. 'फाइल, एडिट, सेव्ह' सरावाचं असलेल्या माणसाला एका रात्रीत सगळे शब्द बदलून दिले तर तो यंत्रापाशी बसायचाच नाही. कुठला शब्द लोकांच्या तोंडी बसेल, यावर बसून विचार करावा लागतो. त्यासाठीच २००८ साली पुण्यात रेड हॅटच्या मंडळींनी 'फ्युएल' नावाचा प्रकल्प सुरू केला, वारंवार लागणाऱ्या शब्दांचे प्रतिशब्द एकदा सगळ्यांनी मिळून ठरवायला.

याच रेड हॅटनं २००४ साली लोहित फॉन्ट मुक्त परवान्याखाली खुले केले. लोहित म्हणजे लाल, टोपीचा रंग. त्याच्याही आधी इंडलिनक्सचे स्वयंसेवक भारतीय भाषांसाठी खपत होते. आज आपण एक पर्याय बदलतो आणि लासलगावचा ल सुधारतो, तो पर्याय आपोआप उगवलेला नाही. हे आपल्या भाषेत चुकीचं दिसतंय असं कुणीतरी सांगितलं, कुणीतरी फॉन्टमध्ये आकार काढला, कुणीतरी तो तपासला.

आणि इथेच माझी आपल्या पिढीबद्दल तक्रार आहे. भावाच्या लॅपटॉपवर आपण खटपट करून ऱ्या दुरुस्त करतो आणि ती खटपट तिथेच राहते. पुढच्या मशिनवर तीच चूक, पुढच्या भावाला तोच सोमवारचा फोन. दोष कुठे आहे, कुठल्या आवृत्तीत आहे, काय टाइप केल्यावर काय उमटलं, हे इंग्रजीत चार ओळींत लिहून तो प्रोग्रॅम बनवणाऱ्यांना कळवणं आपल्याला सहज जमतं. ऑफिसात दिवसभर दुसरं काय करतो आपण? ज्याच्या पावतीवर तो ऱ्या चुकतो त्याला कुठे आणि कसं कळवायचं हे माहीत नसतं, माहीत करून घ्यायला वेळही नसतो. तक्रार येत नाही म्हणून बनवणारे समजतात की मराठी ठीक चाललंय. देवनागरी म्हणजे हिंदी असं गृहीत धरून पुढचा फॉन्ट, पुढची मांडणी तयार होते. त्यात कुणाचा दुष्टपणा नसतो. आपण गप्प असतो, एवढंच.

तेव्हा पुढच्या वेळी गावाकडच्या मशिनवर लिनक्स टाकाल, तेव्हा निघायच्या आधी अर्धा तास राखून ठेवा. ती ओळ टाइप करा. स्वतः नका करू, ज्याचं मशीन आहे त्याच्या हातून करून घ्या. तोच शब्द शोधून बघा. मग कागदावर छापा आणि छापलेलं वाचा. काय काय बदललंत ते त्याच्याच वहीत मराठीत लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी तुमची वाट बघत बसायला नको. आणि काही चुकीचं आढळलं तर परतीच्या गाडीत बसल्या बसल्या कळवून टाका.

एवढं झाल्यावर वेळ उरला तर क्यूब फिरवून दाखवायला हरकत नाही. पोरं अजूनही खूश होतात.