‘बंद आहे’ म्हणण्याआधी

‘‘ताई, कॅमेरा बंद आहे. तुमच्याकडे बघून तीनशे देतो, नाहीतर भंगारवालासुद्धा हात लावणार नाही याला.’’

जुन्या वस्तू विकत घेणारा तो माणूस मोठा गोड बोलत होता. समोर आमच्या बचत गटातली मैत्रीण बसली होती. तिचे यजमान जाऊन सात वर्षं झाली. सासऱ्यांनी मस्कतहून आणलेला याशिकाचा कॅमेरा यजमानांनी जिवापाड जपला होता, तो तिने मुलीच्या फीसाठी विकायला काढलेला. मी आपली गटाच्या पासबुकावर सही घ्यायला गेले होते, तर हा प्रसंग!

त्या माणसाने तिच्यासमोर कॅमेरा ‘तपासला’. बटण दाबलं, दबलं नाही. ‘‘जाम आहे.’’ काहीतरी खटपट केल्यावर दबलं, तर म्हणे ‘‘आतून अडकतंय.’’ डोळ्याला लावून म्हणाला, ‘‘दोन दोन दिसतं, काच सरकलीय.’’ ती बिचारी मान डोलवत होती. मग तो मागचं कव्हर उघडायला लागला आणि मी नकळत ओरडले, ‘‘थांबा, उघडू नका!’’

मला कॅमेऱ्यातलं फार कळत होतं असं समजू नका. पण हात एकदा पोळलेला होता. २००९ साली वडील गेल्यावर माहेरचं घर आवरताना त्यांचा अगदी असाच याशिका हाती आला होता. बटण दबेना. भाऊ म्हणाला, ‘‘गेलेला आहे गं, काढून टाक.’’ मी काढून टाकला. दोनशे रुपये आले, त्यात त्या दिवशीचं चहापाणी झालं. कव्हर उघडून बघितलं तेव्हा आतून रोल निघाला. उजेड लागलेला रोल म्हणजे सगळं पुसलं. त्यात काय होतं, हे आता कोणालाच कळायचं नाही.

तर यावेळी मैत्रिणीला घेऊन मी सरळ आमच्या गावच्या जुन्या स्टुडिओवाल्या काकांकडे गेले. काकांनी चाळीस वर्षं लग्नं काढली आहेत. त्यांनी कॅमेरा आधी हातात नुसता तोलला. (हा चांगला पाऊण किलोचा ऐवज असतो. आपल्या मोबाइलसारखं पिसाचं काम नाही.) मग म्हणाले, ‘‘याशिका इलेक्ट्रो ३५, जीएसएन. १९७३ पासूनचं मॉडेल. पहिली गोष्ट, आत रोल आहे का ते बघायचं. बाकी सगळं नंतर.’’

आकड्याच्या खिडकीत १९ दिसत होते. पण नुसत्या आकड्यावर भरवसा नाही, रोल नसतानाही लिव्हर ओढली की आकडा पुढे जातो. काकांनी रिवाइंडची घुंडी बाणाच्या दिशेने हलकेच फिरवली. मोकळी फिरली असती तर आत काही नाही. ती अडली. म्हणजे रोल आत! मैत्रिणीचा चेहरा मला आजही आठवतो. खालचं बारीक बटण दाबून काकांनी रोल सावकाश मागे गुंडाळला, हाताला ढिलं लागेपर्यंत, आणि मगच कव्हर उघडलं.

पुढचा तासभर काकांनी आम्हा दोघींची शाळा घेतली. बटणाभोवती एक कडी असते, ती ‘एल’वर असली की बटण दबतच नाही. पिशवीत चुकून फोटो निघू नये म्हणून केलेली सोय आहे ती. कडी फिरवली, बटण दबलं. संपला ‘जाम’! मी तिथेच गप्प झाले. वडिलांच्या कॅमेऱ्याची कडी कुठे होती, ते आता कोणाला विचारू?

‘दोन दोन दिसतं’ हेही तसंच. या जातीच्या कॅमेऱ्यात मधोमध पिवळसर ठिपक्यात वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. भिंगाची रिंग फिरवून त्या एकावर एक आणायच्या, म्हणजे फोकस झाला. रिंग फिरवताना आतली चौकटही सरकते. सरकायलाच हवी. आणि ‘अडकतंय’ म्हणाल, तर हा कॅमेरा उजेड बघून शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते स्वतः ठरवतो. अंधारात तो ३० सेकंदांपर्यंत उघडा राहू शकतो. त्यामुळे खोलीत दाबला की एक ‘टक्’ लगेच होतो आणि दुसरा बऱ्याच वेळाने. बटण अर्धं दाबल्यावर पिवळा दिवा लागतो, तो हेच सांगत असतो की हात हलेल, मला कशावर तरी टेकवा. लाल दिवा म्हणजे उजेड फार झाला. हे सगळं सेल असताना. सेल नसेल तर मात्र तो बिनतक्रार एका सेकंदाच्या पाचशेव्या भागात उघडतो आणि मिटतो. म्हणजे नुसता ‘क्लिक’ झाला म्हणून कॅमेरा चालू आहे असंही नाही बरं का! विकणारे तेवढाच आवाज ऐकवतात.

सेलचीही एक गोष्टच आहे. याला लागणारा पाऱ्याचा सेल केव्हाच बंद झाला. सेलच्या खोबणीत हिरवट पांढरी बुरशीसारखी खर जमलेली होती. काकांनी कानात घालायच्या काडीला थोडं व्हिनेगर लावून ती पुसली. घड्याळवाल्याकडून चार बटणसेल आणवले, कागदाच्या नळीत एकावर एक रचले आणि उरलेल्या जागेत छोटी स्प्रिंग बसवली. मागचं बटण दाबलं आणि आकड्याच्या खिडकीत हिरवा दिवा लागला. आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या. काका हसायला लागले.

मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. लिव्हर ओढली की शेवटी आतून ‘खट्ट’ असा जाड आवाज येतो. मला वाटलं, तुटलं काहीतरी. काका म्हणाले, ‘‘हा आवाज येतोय म्हणून मी खूश आहे.’’ आत रबराचा एक इवलासा तुकडा असतो. वर्षं गेली की तो विरघळतो, मग हा खट्ट थांबतो आणि शटरचा हिशेब चुकायला लागतो. म्हणजे आवाज ही तब्येत आणि शांतता हा आजार!

आता मला सांगा, हे आपल्याला कळणार नाही असं काय आहे त्यात? कुकरची कोणती शिट्टी नेहमीची आणि कोणती गॅस्केट गेल्याची, शिलाई मशीनची कोणती खटखट तेल मागतेय आणि कोणती सुई वाकल्याची, हे दुसऱ्या खोलीतून ओळखणाऱ्या बायका आपण. झीज वेगळी, बिघाड वेगळा आणि वस्तूचा स्वभाव तिसराच, हा विवेक रोजच्या रोज वापरतो. माझे गुडघेही जिना चढताना बोलतात, म्हणून कोणी मला भंगारात नाही काढलं अजून! पण वस्तू ‘पुरुषांची’ असली, की आपण आपले कान आणि डोळे बाजूला ठेवतो. ‘तुला काय कळतंय त्यातलं’ हे इतक्या वेळा ऐकलेलं असतं, की समोरचा बोलायच्या आधी आपणच ते म्हणून टाकतो. आणि मग नवरा, भाऊ, दुकानदार, जो कोणी ‘बंद आहे’ म्हणेल, त्याचं प्रमाण मानतो. हे मला मान्य नाही. २००९ साली मीही तेच केलं, म्हणून तर जास्तच मान्य नाही.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नका हं. ‘जुनं ते अँटिक’ म्हणून लाखाची स्वप्नं बघण्यात अर्थ नाही. हे कॅमेरे त्या काळी लाखोंनी खपलेले आहेत. आमच्या कॅमेऱ्यात खरी झीजही होती. कव्हरच्या कडेचा फोम डांबरासारखा चिकट झाला होता, त्यातून उजेड आत शिरतो. तो खरवडून तिथे चक्क काळ्या लोकरीचा धागा बसवला, मैत्रिणीनेच. भिंगाच्या कडीला पोचा होता, तो कधीतरी पडल्याची खूण. धुळीचे चार कण होते, त्याने फोटोला काही होत नाही. पण भिंगातून टॉर्च मारल्यावर कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखा एक तंतू दिसला. ती मात्र बुरशी. काका स्पष्ट म्हणाले, ‘‘हा दोष आहे, विकताना लपवायचा नाही.’’ आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद चामडी केसमध्ये ठेवलेल्या कॅमेऱ्याला ती धरतेच. केस बाजूला काढायची आणि कॅमेरा हवाबंद डब्यात, औषधाच्या बाटलीत येतात तशा पुड्या टाकून ठेवायचा.

हल्ली कॉलेजची मुलं पुन्हा रोलच्या कॅमेऱ्यांच्या मागे आहेत, तेव्हा गिऱ्हाईक मिळेल. पण ते तपासून, माहिती सांगून आणि आपल्या भावात. याशिकाची मालकी घेतलेल्या क्योसेरा कंपनीने २००५ साली कॅमेऱ्यांतून अंग काढलं, त्यामुळे नवा सुटा भाग मिळायची आशा नाही. बिघडलेला दुरुस्त करायचा खर्च कधी कधी किमतीच्या वर जातो. तेव्हा चालू असलेला चालू आहे, हे ठाऊक असणं महत्त्वाचं.

रोल आमच्याकडे कोणी धूत नाही, म्हणून मुंबईला पाठवला. पंधराएक वर्षं जुना रोल, जास्त आशा ठेवू नका, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. सात फोटो आले. रंग उडून सगळं लालसर झालेलं. एकात मैत्रीण दारात उभी, कडेवर मुलगी. आणि एकात यजमान स्वतः. कॅमेऱ्याचा टायमर लावून धावत येऊन बसताना पुरते टेकलेच नव्हते, त्यामुळे चेहरा थोडा हललाय. हात मात्र मुलीच्या डोक्यावर स्पष्ट दिसतो.

कॅमेरा अजून विकलेला नाही. फीसाठी गटातून कर्ज काढलं, सहा हप्त्यांत फेडायचं आहे. दोन झालेत.